पंख आधी तोलून पाहावा लागतो

(वर्धा इथे तरुण मुला-मुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला सांगण्यात आलं की 'विज्ञान आणि आपण' या विषयावर बोला. विषय मोठा आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते, मोठ्या विषयांवर बोलायची मला सवय नाही. म्हणून मी एका पंखाबद्दल बोलणार आहे. तो पंख आम्ही विद्यार्थ्यांनी बनवला होता आणि तो मोडला. तो का मोडला, हे शोधताना मी जे शिकले ते चार वर्षांच्या डिग्रीत शिकले नव्हते.

मी मूळची हिंगणघाटची. आमच्या घरामागे टिनाची शेड होती आणि तिथे अब्बांचं फायबरचं काम चालायचं. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, कधी एखाद्या ऑटोचा तुटलेला मडगार्ड. विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, त्यामुळे फेब्रुवारी ते मे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसायची. साच्याला वॅक्स घासायचं, जेलकोट मारायचा, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वरून ब्रशने रेझिन दाबत न्यायचं, मधली हवा रोलरने काढायची. मजूर आले नाहीत की अम्मी, मी आणि माझा भाऊ हातभार लावायचो. रात्री हाताला काच चावायची. खोबरेल तेल लावून झोपायचो.

हे सगळं मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. त्यांचं एकच म्हणणं होतं, की हिला या शेडमधून बाहेर काढायचं. माझंही तेच होतं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'बिझनेस' म्हणायचे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आज इथे समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी गॅरेज आहे, वेल्डिंगचं दुकान आहे, फर्निचरचं काम आहे, शिलाई मशीन आहे, डेंटिंग-पेंटिंग आहे? हात वर करा. पाहा, अर्ध्याहून जास्त. आणि त्यातल्या किती जणांनी ते मित्रांना सांगितलंय? हात खाली गेले. असो.

तिसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजात काही मुलांनी ठरवलं की ग्लायडर बनवायचं. माणूस बसेल असं नव्हे. तीन मीटर पंखांचं, रेडिओवर वळवता येईल असं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. ते सतत खालीच येत असतं, पण इतकं हळूहळू येतं की पुढे खूप लांब जातं. चांगलं ग्लायडर 1 किलोमीटर उंचीवरून सोडलं तर वारा शांत असताना 40 किलोमीटर पुढे जाऊन टेकतं, त्याहून जास्तही. वाटेत तापलेल्या शेतावरून वर चढणारी गरम हवा सापडली तर ते त्या हवेत घिरट्या घालत वर जातं. उन्हाळ्यात घार करते तेच.

मुलांना पंख फायबरचा करायचा होता आणि फायबरचं काम कुणाला येत नव्हतं. शेवटी मी हात वर केला. त्या दिवशी पहिल्यांदा मी सांगितलं की माझे अब्बा कूलरच्या बॉड्या बनवतात. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "मग दोन वर्षं गप्प का बसलीस?"

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण गोष्ट तिथेच आहे. पंखाच्या आत आम्ही थर्माकोल वापरला. गरम तारेने तो हव्या त्या आकारात कापता येतो. त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवायचं. पण आमच्या शेडमधलं रेझिन पॉलिस्टर जातीचं. ते थर्माकोलवर ओतलं की थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. म्हणून आम्ही एपॉक्सी आणलं. एपॉक्सी थर्माकोलला धक्का लावत नाही. डब्यावर प्रमाण छापलेलं होतं, 100 ग्रॅम रेझिनला 30 ग्रॅम हार्डनर.

मी ते वाचलं आणि सोडून दिलं. कारण मला येत होतं! आमच्या शेडमध्ये हार्डनर कुणी तोलत नसे. थंडीत जरा जास्त, उन्हाळ्यात जरा कमी. अब्बा नुसत्या डोळ्यांनी टाकायचे आणि त्यांची एक बॉडी वाया जात नसे. वैशाखातल्या दुपारी 45 डिग्रीत हार्डनर जास्त पडला तर रेझिन डब्यातच जमून जातं, डबा इतका तापतो की हातात धरवत नाही. हे माझ्या अंगात भिनलेलं. आम्ही पंख केला तो एप्रिलच्या शेवटी. मी हार्डनर कमी टाकला. अंदाजाने. मुलं माझ्याकडे कौतुकाने पाहत होती.

पंख सुरेख दिसत होता. वाळला, घासला, रंगवला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि मी ती बोलले नाही. नख दाबलं तर पृष्ठभागावर बारीक वण उठत होता. मला वाटलं, दोन दिवसांत कडक होईल.

उडवायचं ठिकाण शोधताना वेगळीच गोष्ट घडली. आमच्या गटातल्या एका मुलाच्या अम्मीने त्याला घरी बसवलं. तिचं म्हणणं, "उद्या कुणी विचारलं की आकाशात काय सोडतोस, तर तुझं नाव ऐकून तो पुढचं ऐकून घेईल का?" त्या भीतीला मी हसणार नाही. तुमच्या घरीही ती असेल. आम्ही काय केलं, तर पुलगावच्या दारूगोळा डेपोपासून आणि विमानतळाच्या वाटेपासून खूप लांबचं शेत निवडलं. शेतमालकाचं पत्र घेतलं, सरांच्या सहीचं पत्र घेतलं, दोन्ही घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि पोच घेतली. हवालदार साहेबांनी विचारलं, "मी बघायला येऊ का?" आले पण. तो मुलगाही आला. भीती होती म्हणून काम सोडलं नाही आणि भीती नाही असं नाटकही केलं नाही. नियम वाचले, कागद नीट केले.

आता उड्डाण. लांब रबराला ताण देऊन ग्लायडर सोडलं. ते झपकन वर गेलं, साधारण तीन मजले, आणि टप् असा आवाज आला. डावा पंख मुळापाशी वर दुमडला. खाली आलं ते पोत्यासारखं.

हवालदार साहेब म्हणाले, "होते असं." मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

त्या रात्री आम्ही तुकडे टेबलावर मांडले. आमच्यात एक मुलगी होती, अभ्यासात अतिशय हुशार, हाताने खिळा ठोकायला घाबरणारी. तिने मोडलेली जागा पाहिली आणि विचारलं, "खालची बाजू फाटलेली नाही. वरची बाजू चुरगळली आहे. का?" तिने कागदावर काढून दाखवलं. उडताना हवा पंखाला वर उचलते, पंख वर वाकतो. खालचं कापड ताणलं जातं, वरचं दाबलं जातं. काचेचा धागा ताण उत्तम सोसतो. पण दाबताना धागा एकटा काहीच करू शकत नाही, तो दोऱ्यासारखा वाकतो. त्याला सरळ धरून ठेवायचं काम रेझिनचं. म्हणजे रेझिन मऊ होतं. तिने नख दाबलं. वण उठला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी घरी गेले आणि अब्बांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांनी एपॉक्सीचा डबा मागितला, चष्मा लावून वाचला, वाचता आलं नाही ते माझ्याकडून वाचून घेतलं. मी त्यांना समजावलं, तेव्हा मलाही पहिल्यांदा नीट समजलं. पॉलिस्टर रेझिनमध्ये आपण जो हार्डनर टाकतो तो फक्त क्रिया सुरू करून देतो, चुलीला काडी लावल्यासारखा. थोडा कमी पडला तर वेळ जास्त लागेल, काम होईल. म्हणून अंदाज चालतो. एपॉक्सीमध्ये हार्डनर स्वतःच त्या बांधणीचा भाग होतो. रेझिनच्या इतक्या कणांना हार्डनरचे इतकेच कण लागतात. कमी टाकले तर उरलेलं रेझिन जोडीदाराविना तसंच राहतं. कितीही दिवस थांबा, कडक होत नाही. नाव एकच, 'हार्डनर'. काम पूर्ण वेगळं.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोग कहते हैं पहले तोलो, फिर बोलो. तू पहले तोलो, फिर घोलो." आणि दुसऱ्या दिवशी सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले. तो अजून शेडमध्ये आहे. आता पॉलिस्टरचा हार्डनरही ते त्यावर तोलतात. म्हणतात, साल भर में एक डब्बा बचता है.

दुसऱ्या वेळी आम्ही तीन पंख केले. दोन उडवायला आणि एक मोडायला. हो, मुद्दाम मोडायला. ग्लायडरचं वजन होतं 3 किलो. उडताना झटका बसला तर वजनाच्या पाचपट भार येईल असं धरलं. म्हणजे 15 किलो. त्यावर दीडपट सुरक्षेची अट घातली, विमानांच्या रचनेत सगळीकडे घालतात तीच. म्हणजे साडेबावीस किलो, आणि एका बाजूच्या पंखाच्या वाट्याला त्याच्या निम्मा भार. पंख उलटा करून मुळाशी पक्का आवळला, कारण हवा वर ढकलते आणि वाळू खाली दाबते. वाळूच्या पिशव्या एकेक तोलून लांबीभर ठेवत गेलो. प्रत्येक पिशवीनंतर टोक किती झुकलं ते पट्टीने मोजून वहीत लिहिलं. हवा होता तेवढा भार पंखाने सोसला. मग आम्ही आणखी ठेवत गेलो, तो मोडेपर्यंत. मोडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण आता आम्हाला आकडा माहीत होता.

ते ग्लायडर उडालं. सहा मिनिटं. खाली उतरलं ते अख्खं.

ही माझी गोष्ट. छोटी आहे. आता जिथे विद्यार्थ्यांनी हेच काम शंभर वर्षं केलं तिकडे नेते.

1919 साली व्हर्सायच्या तहात हरलेल्या जर्मनीवर बंधनं आली. हवाई दल ठेवायचं नाही, इंजिनाच्या विमानांच्या निर्मितीवरही निर्बंध. पण बिनइंजिनाच्या ग्लायडरला कुणी अडवलं नव्हतं. 1920 पासून वासरकुपं नावाच्या डोंगरावर ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. तांत्रिक विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांचे गट उभे राहिले. त्यांना अकाफ्लीग म्हणतात, म्हणजे विद्यापीठीय उड्डाण गट. हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मिळून 'व्हॅम्पायर' नावाचं लाकडी ग्लायडर केलं. 1922 च्या ऑगस्टमध्ये मार्टेन्स नावाचा विद्यार्थी त्यातून एक तासाहून जास्त उडाला आणि थोड्याच दिवसांत हेंट्झन हा दुसरा विद्यार्थी तीन तासांहून जास्त. एवढा वेळ इंजिनाशिवाय हवेत राहता येतं हे लोकांना खरं वाटत नव्हतं.

या गटांची पद्धत साधी होती आणि आजही तशीच आहे. आपलं विमान आपण आखायचं, आपण बांधायचं, आपण तपासायचं, आपण उडवायचं. ज्याला उडायचं आहे त्याने कारखान्यात ठरलेले तास काम केलंच पाहिजे. घासकाम करायला नको आणि फक्त उडायला हवं, असं चालत नाही. दर उन्हाळ्यात सगळ्या विद्यापीठांचे गट एकत्र येतात आणि एकमेकांची विमानं मोजून पाहतात. कोण सुंदर दिसतं हे नाही, किती वेगाला किती खाली येतं हे.

यात काळी बाजूही आहे. पुढे नाझी राजवटीने याच ग्लायडिंगचा वापर लष्करी वैमानिक घडवायला केला. कौशल्य कुणाच्या हाती जातं याची चौकशी कौशल्य स्वतः करत नाही. ती आपल्याला करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गट पुन्हा सुरू झाले. स्टुटगार्टमध्ये रिचर्ड एप्लर नावाचे तरुण गणिती होते. पंखावरून हवा अगदी सुरळीत वाहावी असे आकार त्यांनी हिशेब करून काढले होते. अडचण अशी की लाकडी सांगाड्यावर प्लाय ताणला की बारीक लाटा उठतात, हवामान बदललं की लाकूड फुगतं-आकसतं. कागदावरचा आकार पंखात उतरेना. तेव्हा एप्लर आणि हेरमान नेगेले यांनी ठरवलं की साच्यात पंख करायचा. मध्ये हलकं बाल्सा लाकूड, दोन्ही बाजूंना काचेचं कापड आणि रेझिन. त्या विमानाचं नाव 'फिनिक्स'. 27 नोव्हेंबर 1957 रोजी ते उडालं. काचेच्या धाग्यांचं जगातलं पहिलं ग्लायडर. साचा, मॅट, रेझिन, रोलर. आमच्या शेडमध्ये जे होतं तेच!

1964 साली डार्मश्टाटच्या विद्यार्थ्यांनी 'डी-36' नावाचं ग्लायडर उडवलं. ते आखणाऱ्यांमध्ये वायबेल, लेम्के आणि होलिगहाउस हे तिघे होते. शिक्षण संपल्यावर तिघे तीन वेगवेगळ्या ग्लायडर कंपन्यांत गेले आणि पुढची काही दशकं जगातली उत्तमोत्तम ग्लायडरं या तिघांच्या हातून झाली. 1972 साली ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी 29 मीटर पंखांचं 'एसबी-10' केलं आणि त्याच्या मधल्या भागात कार्बनचे धागे वापरले. तेव्हा कार्बन फायबर ही मोठ्या विमान कंपन्यांसाठीही नवलाची वस्तू होती. आज बोइंग 787 या प्रवासी विमानाच्या वजनाचा निम्मा भाग अशा धागा-रेझिनच्या साहित्याचा आहे.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, की आपल्या देशात असं कुणी का म्हटलं नाही, की हाताने करता करता शिका? आणि मग उत्तर सापडलं ते इथे, या गावात.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. शाळेतलं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तउद्योगाच्या आधाराने व्हावं, हा विचार तिथे मांडला गेला. त्याचा अभ्यासक्रम आखायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जामिया मिल्लियाचे प्रमुख, पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती. या शिक्षणाला आपण नई तालीम म्हणतो, वर्धा योजनाही म्हणतो. झाकीर साहेब 1922 ते 1926 या काळात बर्लिनमध्ये शिकत होते. म्हणजे जर्मन विद्यार्थी डोंगरावरून ग्लायडर सोडत होते ती हीच वर्षं. त्यांनी ते पाहिलं होतं असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच, की हात आणि पुस्तक एकत्र बसवायचा विचार आपल्याला परका नाही. आपल्याच एका बुजुर्गाने तो कागदावर उतरवला, सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर.

तो विचार पुढे का टिकला नाही याची बरीच कारणं सांगतात. माझ्या घरातलं कारण मला माहीत आहे. हाताचं काम करणाऱ्या बापाला आपल्या लेकराने हाताचं काम करू नये असं वाटत होतं. त्याला आयुष्यभर त्या कामाची इज्जत मिळाली नव्हती. त्याचा दोष मी कसा काढू?

आता जरा नाजूक विषय. विमानाबद्दल बोलायला गेलं की आपल्यातलं कुणीतरी सांगतं, पहिलं उड्डाण आपल्या अब्बास इब्न फिरनासने केलं, नवव्या शतकात, कुर्तुबात. आणि दुसऱ्या मोहल्ल्यात कुणीतरी सांगतं, पहिलं उड्डाण शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर केलं, प्राचीन ग्रंथ वाचून. दोन्ही व्हॉट्सॲपवर फिरतात.

इब्न फिरनास हे खरोखरच मोठे विद्वान होते. पण त्यांच्या उड्डाणाचं वर्णन मुख्यतः अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या लेखकाकडून मिळतं. तो सांगतो की ते पिसं लावून काही अंतर उडाले, उतरताना पाठीला मार लागला, कारण शेपूट करायचं राहून गेलं होतं. आणि ज्या वैमानिकशास्त्राचं नाव तळपद्यांच्या गोष्टीशी जोडलं जातं, त्या ग्रंथाचा 1974 मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी अभ्यास केला. निष्कर्ष असा, की ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत.

दुसऱ्याची गोष्ट तपासायला आपल्याला आवडतं. स्वतःची तपासायला जड जातं. मला इब्न फिरनासच्या गोष्टीतला शेपटीचा भाग सगळ्यात आवडतो. ते खरंच उडाले असोत वा नसोत, सांगणाऱ्याने चूक कुठे झाली ते सांगितलं. पण पुढच्या कुणी शेपूट लावून पुन्हा करून पाहिलं का? वही ठेवली का? नाही. म्हणून ती गोष्टच राहिली. फिनिक्सचं तसं झालं नाही, कारण त्यानंतर डी-36 आलं, त्यानंतर एसबी-10 आलं, आणि प्रत्येकाने आधीच्याचे आकडे वाचले होते.

हे सगळं विमान बनवणाऱ्यांसाठीच आहे, असं समजू नका. डॉ. अब्दुल कलाम एक प्रसंग नेहमी सांगायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत अग्नी क्षेपणास्त्रासाठी हलकी संमिश्र साहित्यं तयार होत होती. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधले एक हाडांचे डॉक्टर तिथे आले, त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला आणि कलामांना थेट आपल्या वॉर्डात घेऊन गेले. तिथे लहान मुलं तीन-तीन किलोंची धातूची कॅलिपर्स पायाला बांधून पाय ओढत चालत होती. काही आठवड्यांत त्यांनी सुमारे 300 ग्रॅमची कॅलिपर्स करून दिली. कलाम म्हणायचे की मुलांना विश्वासच बसेना.

तीन किलोंचे तीनशे ग्रॅम. पंखाचं काम शिकणारा हात हे करू शकतो. इथून दीड तासावर, नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग 787 च्या जमिनीखालच्या संमिश्र तुळया तयार झाल्या आहेत. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 'हंसा' हे पूर्ण संमिश्र साहित्याचं दोन आसनी विमान केलं, ते 1993 मध्ये पहिल्यांदा उडालं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. हे दरवाजे आहेत. त्यांच्यापर्यंत जायला कुणीतरी सांगावं लागतं, म्हणून सांगते आहे.

शेवटी तीन कामं सांगते.

पहिलं, ज्यांच्या घरी शेड आहे, दुकान आहे, त्यांनी या सुट्टीत वही घेऊन आठ दिवस तिथे बसा. अब्बा, चाचा, उस्ताद जे अंदाजाने करतात ते मोजून लिहा. किती ग्रॅम, किती मिनिटं, किती तापमान. त्यांचा अंदाज कुठे बरोबर आहे आणि का, हे शोधा. बऱ्याचदा तो बरोबरच असतो. कुठे लागू पडत नाही, तेही कळेल.

दुसरं, जे पुस्तकात हुशार आहेत त्यांनी एक तरी वस्तू मोडेपर्यंत तपासा. पंखच पाहिजे असं नाही. स्टूल चालेल, सायकलचं कॅरिअर चालेल. आणि रेझिनचं काम करणार असाल तर हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवी, आणि पॉलिस्टरचा हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. भडका उडतो. अब्बा ते दोन डबे शेडच्या दोन टोकांना ठेवतात.

तिसरं, गट करा आणि गटात मुली असू द्या. त्यांना फक्त पोस्टर रंगवायला बसवू नका. आमचा पंख माझ्या हाताने बिघडला आणि दुसऱ्या मुलीच्या डोळ्यांनी सुधारला. दोघींपैकी एकटी कुणीच ते करू शकली नसती.

मागच्या महिन्यात माझे विद्यार्थी हिंगणघाटला शेड बघायला आले होते. अब्बा आता सत्तरीत आहेत. मुलांनी विचारलं, "चाचा, विमानाचा पंख तुम्हाला येईल का बनवता?" अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग काट्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले, "वजन किती पाहिजे ते आधी सांगा."